थंड पाण्याचा चटका

त्या वर्षी मला थंड पाणी भाजू लागले. चहा गरम लागे, आंघोळीचे पाणी कोमट लागे, समुद्र समुद्रासारखाच लागे. भाजे ते फक्त थंड पाणी.

पहिला पेला फुटला तेव्हा अपूर्णांकांचा भागाकार चालू होता. आईने फ्रिजमधल्या बाटलीतून पाणी ओतून पेला माझ्यापुढे ठेवला, मी तो उचलला आणि सोडून दिला. काचा फरशीभर पसरल्या.

"निसटला?" आईने विचारले.

"नाही. सोडला. भाजलं मला."

तिने माझा तळहात उलटसुलट करून पाहिला, मग बाटलीला स्वतःचा हात लावला.

"चारू, हे फ्रिजमधलं पाणी आहे."

"माहीत आहे."

"मग भाजलं म्हणजे नक्की काय झालं ते सांग. घाई करू नकोस, शब्द शोध."

अकरा वर्षांच्या मुलीला सापडतील तेवढे शब्द मी शोधले. "तव्याला बोट लागलं की होतं तसं. आणि मग मुंग्या."

"फोड कुठाय?"

फोड नव्हता. आईने काचा गोळा केल्या, स्टीलचा पेला आणला आणि भागाकार पुढे चालू केला. पाण्याला मी शिवले नाही, हे तिने पाहिले. 

बाबा बंदरबांधणीचे अभियंते होते. प्रशांत महासागरातल्या त्या बेटाला आपल्या सरकारने एक जेटी बांधून द्यायचे कबूल केले होते आणि त्या कामावर बाबांची नेमणूक झाली होती. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा होता. मोठी बोट आत यायची तर त्या कठड्यात वाट फोडणे भाग होते. बाबा वाट फोडत होते. आई सांगलीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. बिनपगारी रजा घेऊन ती आमच्याबरोबर आली होती. बेटावरच्या शाळेत चारच इयत्ता होत्या, त्याही बेटाच्या भाषेत. तेव्हा माझी शाळा जेवणाच्या टेबलावर भरे. पुस्तके सांगलीहून ट्रंकेतून आलेली, फळा म्हणजे प्लायवुडला दिलेला काळा रंग. आई सकाळी पदर खोचून टेबलाच्या एका टोकाला बसली की तिथून उठेपर्यंत ती आई नसे. तिला "बाई" म्हणण्याची सक्ती नव्हती, पण चूक झाली की माझ्या तोंडून तेच निघे.

पेल्यानंतर गोष्टी वाढत गेल्या. ओठांभोवती मुंग्या येत. तळहातांना खाज सुटे. दात सैल झाल्यासारखे वाटत, ते मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "या वयात दात हलायचेच." मी आरशासमोर एकेक दात बोटाने दाबून पाहिला. एकही हलत नव्हता.

मी बर्फाच्या ट्रेला चुकून हात लावला आणि ट्रे स्वयंपाकघरभर उधळला, त्या दिवशी बाबांनी मला व्हरांड्यात बोलावले. ते वेताच्या खुर्चीत पोटऱ्या चोळत बसले होते.

"बसा, चारूताई. काय म्हणतोय तुमचा चटका?"

"आहे."

"समुद्रात एवढी डुंबतेस, तेव्हा भाजत नाही?"

"नाही."

"विहिरीच्या पाण्यानं?"

"नाही."

"काल पावसात नाचत होतीस, तेव्हा?"

"नाही, बाबा."

"बरं. मग भाजतं कधी? आईनं पुस्तक उघडलं की?"

"पुस्तक नाही भाजत. फ्रिजमधलं पाणी भाजतं."

"आणि ते पाणी तुला मिळतं कधी?"

"अभ्यासाच्या दोन तासांमधल्या सुट्टीत."

"झालं तर," बाबा म्हणाले आणि आत पाहून आवाज चढवत पुढे बोलले, "ऐकलंस का, कुमुद? निदान झालं. रोगाचं नाव अपूर्णांक."

ते हसत होते. 

त्यांचा माझ्यावर राग नव्हता. त्यांच्या समजुतीप्रमाणे एकटी पडलेली मुलगी अभ्यासातून सुटायला एक वाट शोधत होती, आणि ती वाट तिला स्वतःलाही खरी वाटू लागली होती. पण मला सगळ्यांत जास्त भीती वाटू लागली ती त्यांच्या हसण्याची. रागावलेल्या माणसाला निदान पटवता तरी येते.

बेटावर एक दवाखाना होता आणि डॉक्टर तेवाके नावाचे एक शांत, स्थूल गृहस्थ तो चालवत. ते बेटावरचेच, शिकून परत आलेले. त्यांनी माझ्या गुडघ्यांवर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरीचा प्रकाश पाडला, पोट दाबले.

"मासे खाता?" त्यांनी बाबांना इंग्रजीत विचारले.

"आम्ही वेंगुर्ल्याचे. माशांशिवाय रविवार साजरा होत नाही."

"इथे कधी कधी मासा बाधतो. उलट्या, जुलाब?"

"मध्ये एकदा पोट बिघडलं होतं तिचं. पेरू खाल्ले होते हिरवे."

"मासा ताजा असतो?"

"मी स्वतः गळ टाकून धरतो. अजून फडफडत असतो."

"तिघंही तोच खाता?"

"एकाच पातेल्यातलं."

डॉक्टरांनी मान हलवली. "आणि तुम्ही दोघं ठणठणीत. या मोसमात माशानं बाधलेला एकही रोगी माझ्याकडे आलेला नाही. मग ते नसावं." ते माझ्याकडे पाहून हसले आणि मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. खिडकी उघडी होती. मुलीला बरोबरीची मुले हवीत, ते म्हणाले. आई हीच दिवसभर शिक्षिका असली की मुलाला आईकडे तक्रार करायला जागा उरत नाही, मग तक्रार शरीर करते.

घरी येताना बाबांनी निर्णय सांगितला. त्यांच्या कचेरीतले रेगे मंगळवारच्या बोटीने सहकुटुंब परत निघाले होते. मी त्यांच्याबरोबर जायचे, रत्नागिरीला आत्याकडे राहायचे आणि तिथल्या शाळेत बसायचे. जेटी पुरी व्हायला अजून दीड वर्ष होते.

"दीड वर्ष?" मी विचारले.

"मजेत जाईल. आत्याकडे मुलं आहेत, आंबे आहेत."

"आणि पाणी भाजलं तर?"

"नाही भाजणार," बाबा म्हणाले, इतक्या ठामपणे, की मला रडू आले.

ट्रंक पलंगाखालून निघाली. शनिवारी दुपारी आई माझ्या फ्रॉकच्या घड्या घालत होती. बाबा दारात उभे होते. मी व्हरांड्यात होते आणि दोघांनाही ते ठाऊक होते. पण भांडण असे असले की मुलांना ऐकू येत नाही असे धरून चालायची आमच्या घरची रीत होती.

"ती खोटं बोलत नाहीये," आई म्हणाली.

"खोटं बोलते असं मी म्हटलेलं नाही. तिला वाटतं. शरीर तक्रार करतं म्हणतात डॉक्टर."

"माझ्याबद्दल."

"तुझ्याबद्दल नाही, गं. टेबलाबद्दल म्हण हवं तर."

"अहो, मला एक सांगा. या बेटावर थंड काय आहे?"

"म्हणजे?"

"समुद्र कोमट. विहीर कोमट. पाऊस अंगावर पडला तरी कोमटच. फरशी दुपारी पाय भाजेल अशी. थंड म्हणावी अशी वस्तू या घरात एकच, फ्रिज. आणि घसा धरतो म्हणून मी तिला फ्रिजला हात लावू देत नाही. पाणी मी देते, तेही अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत. म्हणजे भाजणं पुस्तकाबरोबर येतं की थंडीबरोबर, हे तुम्हाला कसं कळलं? दोन्ही एकदमच येतात."

बाबा दारातून आत येऊन पलंगाच्या कडेवर टेकले.

"मग ते वेगळं कसं करणार?" त्यांनी विचारले. त्या वेळी मात्र ते हसत नव्हते. बांधकामाविषयी बोलताना त्यांचा आवाज असे तसा तो झाला होता.

"झोपलेलं माणूस बहाणा करत नाही," आई म्हणाली. "आणि त्याला अपूर्णांकही येत नाहीत."

"आणि काहीच झालं नाही तर?"

"तर मंगळवारी मी स्वतः तिला बोटीवर बसवून येईन. परत तोंडातून शब्द काढणार नाही."

माझी दीड वर्षे त्या वाक्यावर पणाला लागली होती. नेमके काय ठरले ते मला कळले नाही, कारण मग दोघे अगदी हळू बोलू लागले, आणि ती आमच्या घरची रीत नव्हती.

रविवारी पिठलंभात झाला. सकाळी बाबांच्या गळाला मोठी तांबोशी लागली होती, पण ती संध्याकाळसाठी ठेवली होती. जेवणानंतर ऊन असे चढे की सारे बेट आडवे होई. मीही चटईवर आडवी झाले आणि झोपले.

मला जाग आली ती पायाला आग लागल्यामुळे. उजव्या तळव्यावर कुणीतरी निखारा टेकवला होता. मी किंचाळले, पाय पोटाशी घेतला आणि भिंतीशी सरकले. निखारा नव्हता. माझ्या पायाशी बाबा उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात आमटीचा चमचा होता. आई त्यांच्या मागे उभी होती.

"काय केलंत?" मी रडत विचारले. "का भाजलंत मला?"

बाबांनी चमचा स्वतःच्या गालाला लावला. मग माझा पाय दोन्ही हातांत धरून तळवा पाहत राहिले. तिथे लालीसुद्धा नव्हती.

"मघाशी दुसरा चमचा लावला होता गं, साधा, मांडणीवरचा," ते म्हणाले, मला की आईला ते कळेना. "दोनदा लावला. हलली नाही."

"तुमच्या तळव्याला काल रात्री मी हाच लावून पाहिला," आई म्हणाली. "बर्फात ठेवूनच. तुम्ही कूस बदललीत आणि घोरायला लागलात."

"मला न सांगता?"

"सांगितल्यावर काय उपयोग होता?"

एरवी बाबा यावर हसले असते. ते उठले, चमचा मोरीत ठेवला आणि माझी ट्रंक उचलून आतल्या खोलीत नेली. दार लावून घेतलेले मी ऐकले. मी जाणार नव्हते, एवढे कळले. पण आईच्या चेहऱ्यावर सुटकेची खूण नव्हती. तोवर शंका एवढीच होती की मी बहाणा करते का. आता मला काहीतरी झालेले आहे हे सिद्ध झाले होते. काय झाले आहे ते कुणालाच माहीत नव्हते, आणि ते दिवसागणिक वाढत होते.

ती मला घेऊन टेबलाशी बसली. रविवार असूनही पदर खोचलेला होता.

"सांग बरं, तू असं काय करतेस जे मी आणि बाबा करत नाही?"

"अभ्यास."

"आणखी?"

"कातळावर जाते. शंख गोळा करते. रंगवते."

"रंगाचा ब्रश तोंडात घालतेस?"

"नाही. आधी घालायचे. तू ओरडलीस."

"शंखांतला जीव हाताला लागतो?"

"रिकामेच आणते."

साबण एकच. विहीर एकच. तेल, तांदूळ, मीठ एकच. तिचे प्रश्न संपत आले तसा आवाज कोरडा होत गेला. शेवटी ती मुकाट्याने उठली आणि तिने चुलीवर कालवण ठेवले. कोकम घातले, गावाहून आणलेल्या तिरफळांतली थोडी ठेचून टाकली.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा सूर्य अजून खाली यायचा होता. बाबा दुपारपासून माझ्याशी धड बोलले नव्हते. त्यांना जमत नव्हते. पातेले त्यांनी आपल्याकडे ओढून घेतले. डाव तळाशी फिरवून त्यांनी तांबोशीचे डोके शोधले, ते अलगद, मोडू न देता वर काढले, त्यावर गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, ठेवली आणि डाव माझ्या ताटाकडे आणला.

"घ्या, चारूताई. आज सगळं तुमचं."

"थांबा," आई म्हणाली.

डाव ताटावर अधांतरी राहिला. रस्सा ठिबकत होता.

"हे नेहमी तिलाच वाढता."

"मग कुणाला वाढू? वाढत्या अंगाची पोर आहे. आम्हा भावंडांत जो परीक्षेला बसलेला असे त्याला माझी आई डोकं वाढायची. बाकीचे बघत बसायचो."

"तुम्ही कधी खाल्लंत? इथे आल्यापासून?"

"मी कसा खाईन? तिच्या तोंडचं काढून?"

"मीही नाही खाल्लेलं," आई म्हणाली. "एकदाही नाही." ती हे सावकाश बोलली. "आणि डॉक्टरांना आपण काय सांगितलं? एकाच पातेल्यातलं."

"एकाच पातेल्यातलं आहे."

"तुमच्या पोटऱ्या दुखतात."

"दिवसभर जेटीवर उभा असतो, दुखणारच."

"सांगलीला बंधाऱ्याच्या कामावर दिवसभर उभे असायचात तेव्हा कधी चोळत बसलेले पाहिले नाहीत. माझ्या तळहातांना महिनाभर खाज आहे. मी साबण बदलला. चारू, तुझ्या तळहातांना काय होतं?"

"खाज."

"तिला होतंय ते आपल्यालाही होतंय, अहो. थोडं. तिला पुष्कळ, कारण ती हे पुष्कळ खाते."

"ताजा मासा आहे, कुमुद. सकाळी हातात फडफडत होता."

"असेल. ठेवा तो डाव."

बाबांनी डाव पातेल्यात ठेवला. हात मात्र त्याच्या दांड्यावरच राहिला.

"मी वाढत होतो," ते म्हणाले. "दर रविवारी. ती नको म्हणायची तेव्हासुद्धा."

  आम्ही तिघांनी त्या संध्याकाळी ताकभात खाल्ला, आणि ते पातेले बाबांनी परसात खोल खड्डा करून त्यात रिकामे केले.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही पायरीवर होतो. डॉक्टरांनी आईचे बोलणे पुरे होऊ दिले आणि मग बाबांना, पहिल्या भेटीत विचारायचा राहिलेला प्रश्न विचारला.

"तुम्ही गळ कुठे टाकता?"

"जेटीच्या टोकाला. नवी वाट फोडली आहे तिथे. मासा चिकार आहे."

"तिथे तर कुणालाच जाऊ देत नाहीत."

"हो. कामाची जागा आहे. मनाईचा हुकूम माझाच."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "म्हणून माझ्याकडे दुसरं कुणी आलं नाही," ते म्हणाले. "तिथला मासा बेटावर फक्त तुमच्या घरी शिजतो."

यावर औषध नव्हते. थांबणे एवढाच उपाय होता, आणि थांबावे लागते हे मी शिकले. मंगळवारी रेगे मंडळी बोटीने गेली. आम्ही धक्क्यावर हात हलवून परत आलो, आणि त्या दिवशी अपूर्णांकांचा भागाकार पुरा झाला. बेटावर असेपर्यंत आमच्या घरी पुन्हा मासा शिजला नाही. मुंग्या आधी गेल्या, मग खाज, मग दातांचे ते सैल वाटणे. थंड पाणी हातात धरता येऊ लागायला पुढचा पावसाळा यावा लागला.

त्या माशांपैकी एकही कधी तपासला गेला नाही. त्यामुळे पुढचे सारे अनुमान आहे, आणि ते मी अनुमान म्हणूनच लिहिते. पुढे माझे सारे काम विषांवर झाले, आणि इतक्या वर्षांत या अनुमानाला छेद देणारे काही माझ्या पाहण्यात आले नाही. प्रवाळाचा कठडा फोडला की मेलेल्या प्रवाळावर शेवाळ धरते. त्या शेवाळावर एक सूक्ष्म जीव वाढतो आणि तो विष तयार करतो. लहान मासे शेवाळ खातात, मोठे मासे लहान माशांना खातात, आणि विष वरच्या पायरीवर साठत जाते. माशाला त्याने काही होत नाही. शिजवून ते जात नाही, चवीला लागत नाही, मासा कितीही ताजा असला तरी असते. माणसाच्या अंगात गेले की थंड स्पर्शाची संवेदना वाहून नेणाऱ्या नसा बिघडतात आणि थंडीचा निरोप चटका म्हणून पोचवतात. माशाच्या मांसात ते कमी असते. डोक्यात आणि गाबोळीत जास्त. बाबांच्या आणि आईच्या ताटात मांसाचे तुकडे पडत. सर्वांत चांगला भाग माझ्यासाठी राखलेला असे, म्हणून सर्वांत जास्त विष माझ्या ताटात येत होते.